मागचा फाळका

४ जानेवारी

टिल्या,

तुझं कार्ड मिळालं. वर पत्ता, खाली 'मी ठीक आहे'. एवढं लिहायला तुला वर्ष लागलं. नशीब म्हणून टपाल त्या दिवशी माझ्या हाती पडलं. बाबा एका गाडीखाली आडवे होते. मी कार्ड लपवलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलले नाही.

रागवायला लिहीत नाहीये. राग आहे, भरपूर आहे, पण त्याला तिकीट कोण लावणार? लिहायचं कारण वेगळं. मोठ्या काकांचा ट्रक आपल्या आवारात उभा आहे.

हो, तोच. आपल्या बाहेरच्या खोलीतल्या फोटोत टोपी तिरकी करून काका ज्याच्या मडगार्डला टेकलेत तो. लढाईनंतर पलटणीने डागडुजी करून तो बरीच वर्षं वापरला, मग लिलावात एका लाकूडवाल्याने घेतला. त्याच्या वखारीमागे वेलींत गाडला गेला होता. माजी सैनिकांच्या संघटनेने चासी नंबरावरून शोधून काढला. वसंतात लढाईचा दिवस येतो, त्या दिवशी तो चौकात चौथऱ्यावर ठेवायचाय. इंजिन संघटनेने आधीच चालू करून दिलंय; पत्र्याचं काम बाबांचं, दिव्यांचं माझं.

कॅप्टनसाहेब स्वतः आले होते सांगायला. आता काठी लागते त्यांना, पण आवाज तोच, शाळेत दर वर्षी काकांची गोष्ट सांगताना असायचा तसा. खिंडीतल्या चौकीवरचा दारूगोळा संपत आलेला, काका दिवे बंद ठेवून ट्रक घेऊन थेट शत्रूच्या तोफांसमोर गेले, छातीवर गोळ्या झेलल्या आणि चौकी वाचवली. तू पहिल्या बाकावर बसून तोंड उघडं टाकून ऐकायचास. माशी जाईल म्हणून मी तुला चिमटा काढायचे.

साहेब बाबांना म्हणाले, "तुझ्या भावाची गाडी तुझ्याच हातून उभी राहू दे. लोकांची तोंडं त्या दिवशी बंद होतील."

लोकांची तोंडं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. तू पलटणीतून पळालास त्या आठवड्यात आपल्या शटरवर कुणीतरी काळ्या रंगाने 'पळपुट्याचं घर' लिहिलं. बाबांनी रंग असा जुळवून मारला की आता बोट फिरवलं तरी कळत नाही. पण गिऱ्हाइकं कमी झाली ती झालीच. बाबा तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. जेवताना एक ताट जास्त घेतलं जातं अजून माझ्याकडून, ते मी गुपचूप परत ठेवते.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर माझ्या नावावर पाठव.

ताई


२७ जानेवारी

टिल्या,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं की तू बरा ऐकतोस! लहानपणी एक गोष्ट ऐकली असतीस तर शपथ.

असो. बाबा हसले. मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहायला हवं होतं हे. ट्रकचं उजवं दार काढताना आत उंदराचं अख्खं घरटं निघालं, गवत, चिंध्या, गाडीच्या वायरिंगचे तुकडे, सगळं नीट रचून. बाबा म्हणाले, "तुझ्या अगोदर इथे एक इलेक्ट्रिशियन येऊन गेलाय." आणि हसले. मी बिजागरी धरून उभी होते, हातातून सुटायचीच बाकी होती.

ट्रकची अवस्था वाईट आहे, पण मेलेला नाही. दोन्ही मडगार्ड खालून कुजलेत, केबिनच्या पायऱ्या तर हाताने मोडल्या. बॉनेट मात्र पाहत राहावं असं. जाड पत्रा, एक पोचा नाही. बाबा त्याच्यावर पंजा ठेवून उभे राहतात आणि मध्येच काहीतरी आठवून सांगतात. दादा आपल्याला खांद्यावर बसवून नदीपलीकडे न्यायचा. दादाला शिट्टी वाजवता येत नसे, तरी वाजवायचा. दादा गेला तेव्हा ते स्वतः किती लहान होते, हे मी कधी मनात धरलंच नव्हतं. आपण त्यांना कायम साठीचेच समजत आलो.

माझं काम असं. हेडलाइटच्या वाट्या गंजून काळ्या झाल्यात, त्यांना पुन्हा चकाकी चढवायला दिलंय. काचा एका जुन्या बसच्या बसतात. वायर मी सुती वेष्टणाची शोधून आणली, तेव्हासारखी. या गाड्यांना हेडलाइटवर एक लोखंडी झापड असायची, बारीक फट असलेली, म्हणजे उजेड फक्त चाकासमोर पडावा आणि वरून, लांबून गाडी दिसू नये. उजव्या दिव्याची झापड आहे. डाव्याची नाही. नुसती नाही असं नाही, ती अडकवायचे लोखंडी कान पिरगळून तुटलेत, कुणी खवळून उपटल्यासारखे. वखारीतल्या कुणाचा तरी उपद्व्याप असणार. संघटनेने नवीन झापड करून पाठवलीय.

मास्तरांबद्दल विचारलंयस. ते बरे आहेत. हल्ली येणं होत नाही त्यांचं, शाळेत परीक्षा आहेत म्हणे. लग्नाचं बघू, घाई काय आहे.

ताई


११ फेब्रुवारी

टिल्या,

कसं सांगू ते कळत नाहीये, म्हणून जसं झालं तसं सांगते.

सोमवारी हौद्यातल्या कुजलेल्या फळ्या काढल्या. दुपारी बाबा मागच्या फाळक्यावरचा रंग गॅसच्या ज्योतीने जाळत होते. रंगाचे थर सालपटासारखे सुटत होते, आधी लाकूडवाल्याचा निळा, मग लष्कराचा हिरवा, मग आणखी एक हिरवा. मी पलीकडे बसून मागच्या दिव्याचा होल्डर घासत होते. तेवढ्यात टप्‌ असा आवाज आला. मग पुन्हा. फाळक्यातून शिसं वितळून खाली पडत होतं, आणि जिथून पडत होतं तिथून उजेड आत येत होता. गोल गोल. बघता बघता फाळक्याची चाळण झाली.

बाबांनी ज्योत बंद केली. हौद्यात चढून आतल्या बाजूने हात फिरवला. आतल्या बाजूला पत्रा फुलाच्या पाकळ्यांसारखा उमललेला होता, धारदार. बोट कापलं त्यांचं. मग केबिनमध्ये गेले, सीट काढली, मागच्या भिंतीवरचं जुनं कापड फाडलं. तिथेही तेच. पाकळ्या सीटकडे तोंड करून.

तू हत्यार चालवलंयस, तुला समजावायला नको. गोळी ज्या बाजूने शिरते तिथे पत्रा आत दबतो, जिथून निघते तिथे बाहेर येतो. मागून आल्यात सगळ्या, टिल्या, आणि डागडुजीत कुणीतरी ती भोकं शिशाने बुजवून वर रंग मारलेला. पुढे एकही नाही. ते देखणं बॉनेट, ती पुढची जाळी, सगळं कोरं आहे.

मी म्हटलं, "बाबा, उसळून आल्या असतील. दगडावर आपटून."

ते म्हणाले, "एवढ्या?"

त्या दिवसापासून जेवण नावाला. काम बंद. आवारात खुर्ची टाकून फाळक्याकडे बघत बसतात. काल मी म्हणाले, चहा गार झाला. तर म्हणाले, "माझा दादा पाठ फिरवून पळत होता." एवढंच. आवाज अगदी साधा, हिशोब चुकला म्हणावं तसा.

तुला हे वाचून बरं वाटेल का? वाटलं तर मला कळवू नकोस. मी रोज त्या डाव्या दिव्याशी काम करते आणि डोक्यात एकच चालू असतं. त्या फोटोकडे बघून तू भरती झालास. त्या फोटोकडे बघून बाबांनी तुझं नाव टाकलं.

ताई


२ मार्च

टिल्या,

तुझं पत्र आलं. आधी त्याचं बोलते.

मी तुझ्यासाठी कारणं तयार करून ठेवली होती. तुला काहीतरी भयंकर करायला सांगितलं असेल आणि तू नाही म्हणाला असशील. कुणाला तरी वाचवलं असशील. रात्ररात्र मी ती गोष्ट मनात रंगवलीय. आणि तू लिहितोस, 'ताई, काही झालं नव्हतं. भीती वाटली. पहाऱ्यावरून उतरलो आणि चालत राहिलो.' मी पत्र घडी करून ठेवलं आणि एका बसचं अख्खं वायरिंग उलटं जोडलं. ब्रेक दाबला की हॉर्न वाजत होता.

खरं लिहिलंस. राग कमी झाला नाही, पण बसायला जागा मिळाली त्याला.

आता इकडचं. गुरुवारी फाटकाशी एक म्हातारा उभा होता. आत येईना, जाईना. मी विचारलं, काय काम आहे? म्हणाला, "गाडी बघायची होती." पलीकडच्या गावात शिंपी आहे तो. बसने आला होता. एक पाय मांडीपासून ताठ, शिलाई मशीन आयुष्यभर एकाच पायाने चालवत आलाय.

बाबा खुर्चीतून उठले. शिंपीकाका ट्रकला वळसा घालून मागे गेले आणि फाळक्यापाशी येऊन थांबले. हात लावला नाही.

"मी यात होतो," ते म्हणाले. "इथे, या कोपऱ्यात. पाय गेला तेव्हाच."

बाबा म्हणाले, "कुठे होतात?"

"हौद्यात. पडलो होतो. आम्ही जखमी होतो ना सगळे."

मी दोघांना बसवलं. मग ते बोलले, थांबत थांबत, मधेच चहाचा कप फिरवत. काका दारूगोळा घेऊन चौकीवर पोहोचले तेव्हा संध्याकाळ होती, धुकं उतरलेलं. चौकीत लढायला फारसं कुणी उरलं नव्हतं. हुकूम होता पेट्या घेऊन आणखी वर, पुढच्या मोर्च्यावर जायचा. काकांनी जमिनीवर पडलेली पोरं पाहिली. पेट्या खाली ढकलल्या, पोरांना उचलून हौद्यात टाकलं आणि ट्रक वळवला.

"कुणी सांगितलं त्याला?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही. उलट थांब म्हणून ओरडत होते. अधिकारी ओरडत होता."

घाटात त्या झापडीच्या उजेडात काही दिसेना. एका वळणावर मागचं चाक कड्याच्या बाहेर गेलं, सगळे एका अंगावर घरंगळले. काकांनी ट्रक थांबवला, खाली उतरले आणि पान्याने ठोकून ठोकून एका दिव्याची झापड उपटून काढली. शिंपीकाकांना तो आवाज अजून आठवतो. "दुसरी काढायला वेळच नव्हता. दिवा लावला तसा अख्खा घाट दिसायला लागला. आणि आम्हीपण दिसायला लागलो."

गोळ्या तेव्हा सुरू झाल्या.

मी विचारलं, "कुणाच्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, आमच्या पाठीमागे दोन्ही होते. त्यांचेही, आमचेही. मी पालथा होतो."

पुलापर्यंत काकांनी गाडी आणली. तिथे दवाखान्याची माणसं होती. सगळे जिवंत उतरले नाहीत, पण उतरवले गेले. शेवटी कुणीतरी केबिनकडे गेलं, तर काका चाकावर डोकं टेकून बसले होते. "हँडब्रेक ओढलेला होता," शिंपीकाका म्हणाले. "मेलेल्या माणसाने हँडब्रेक ओढलेला होता."

बाबा उठून नळावर गेले, बराच वेळ तोंड धूत राहिले. शिंपीकाकांनी मला विचारलं, दिवे लागतात का? मी बॅटरी जोडून डावा दिवा लावला. भरदुपार, काही विशेष दिसत नव्हतं. तरी त्यांनी चेहऱ्यावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "बंद कर, बंद कर."

त्यांना बसवर सोडून आल्यावर मी मोठ्या उत्साहाने बाबांना म्हणाले, म्हणजे काका पळाले नव्हते. आणि तुझं नाव घ्यायला तोंड उघडलं. मला वाटलं, हीच वेळ.

बाबा म्हणाले, "त्याच्या गाडीत माणसं होती. आपला एकटाच गेला."

लपवणार होते तुझ्यापासून. पण तू खरं लिहिलंस, मग मीही लिहिते.

ताई


९ मार्च

टिल्या,

आम्ही कॅप्टनसाहेबांकडे गेलो होतो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, नखांतला रंग रॉकेलने काढला होता. मला म्हणाले, तू चल, मला शब्द सापडले नाहीत तर तू बोल.

साहेबांची खोली तू पाहिलीच आहेस. भिंतीवर पलटणीचा फोटो, खिडकीत औषधांच्या बाटल्या, गुडघ्यांवर घोंगडी. आम्हाला बघून खूश झाले. "झाली का गाडी तयार?"

बाबा उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, गोळ्या मागून आहेत."

साहेब स्वेटरची बटणं लावायला लागले. एक बटण चुकलं, पुन्हा सगळी काढली, पुन्हा लावली.

"कुणाकुणाला माहितीये?"

"आम्हाला. आणि हौद्यात एक जण होता, त्याला. शिंपी आहे."

"तो जिवंत आहे?" असं विचारलं त्यांनी, आणि टिल्या, त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. घाबरलेला तरुण. मग सावरले. म्हणाले, "चौकीवर मीच होतो. तुला आज ना उद्या कळलंच असतं. चोवीस वर्षांचा होतो. मी त्याला हाक मारली. थांब म्हणालो. पुन्हा हाक मारली."

"मग?" बाबा म्हणाले.

"मग मी अहवाल लिहिला."

मधलं गाळलं त्यांनी. आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

"मी लिहिलं की तो पुढे जाताना पडला," साहेब म्हणाले. "खरं लिहिलं असतं तर हुकूम मोडून पळाला, असं झालं असतं. तुझ्या आईला निवृत्तिवेतन मिळालं नसतं. तुझ्या दारावर जे आत्ता लिहिलं गेलं, ते तू लहान असतानाच लिहिलं गेलं असतं. मी त्याला सांभाळलंय इतकी वर्षं. तू पण सांभाळ. भोकं बुजव."

बाबांनी विचारलं, "गोळी कुणाची होती, साहेब?"

साहेब खिडकीकडे बघून म्हणाले, "धुकं होतं रे."

मी शब्द घेऊन तयार होते. एकही वापरावा लागला नाही. बाबांनी त्यांची पडलेली काठी उचलून खुर्चीला टेकवून ठेवली आणि आम्ही निघालो. रस्त्यात म्हणाले, "आई त्या पैशांवर जगली. मी त्या पैशांवर शाळेत गेलो."

मला वाटतं ते भोकं बुजवतील. मी त्यांना दोष देणार नाही. तूही देऊ नकोस.

ताई


२८ मार्च

टिल्या,

आधी हे वाच, मग बाकीचं. बाबांनी चारचौघांत तुला मुलगा म्हटलं.

आता क्रमाने. साहेबांकडून आल्यावर बाबांनी शिसं वितळवलं आणि फाळक्यातलं एक भोक भरलं. काय भरलं! घासून, पॉलिश पेपर मारून असं सपाट केलं की आरसा. मागे होऊन पाहिलं. मग पुन्हा ज्योत पेटवली आणि ते शिसं वाहू दिलं. मला म्हणाले, "प्रायमर आण." भोकांच्या कडांना आतून प्रायमर लावला, गंज चढू नये म्हणून, आणि वरून हिरवा रंग मारला. पाकळ्या तशाच ठेवल्या. मी डाव्या दिव्यावर नवी झापड बसवली नाही.

समारंभाला चौक भरला होता. बाबाच ट्रक चालवत घेऊन गेले. पुढून इतका देखणा दिसत होता की लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथरा भिंतीला लागून आहे, त्यामुळे मागची बाजू कुणाला दिसेना.

साहेबांना खुर्चीसकट व्यासपीठावर चढवलं. त्यांनी तीच गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं अडखळतील. नाही अडखळले. छातीवर गोळ्या झेलल्या इथपर्यंत आले आणि आवाज तस्साच चढला. मग बाबांना पदक द्यायला वर बोलावलं.

बाबांनी पदक घेतलं, हातात धरलं आणि माईकसमोर उभे राहिले. माईक खूप वर होता, टाचा उंचावून बोलले.

"माझा भाऊ परत फिरला होता. गाडीत जखमी होते. घाटात दिसेना म्हणून त्याने दिवा उघडा केला. गोळ्या मागून लागल्या. बघायचं असेल त्याने मागे जाऊन बघा."

मग गर्दीतून शिंपीकाका निघाले, ताठ पाय ओढत. भिंत आणि ट्रकच्या फटीत अंग चोरून शिरले आणि तिथून त्यांचा रडण्याचा आवाज यायला लागला. त्यांच्यामागे एक बाई गेली, तिचा भाऊ त्या खिंडीतून आला नव्हता. मग आणखी काही जण. मग आरडाओरडा. खोटं आहे, साहेबांचा अपमान आहे, माईक काढून घ्या. साहेब खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांना कुणी विचारलंच नाही काही.

आणि मागून एकजण ओरडला, "हा कोण सांगणारा? पळपुट्याचा बाप!"

बाबांनी शोधून काढलं त्याला गर्दीत. म्हणाले, "हो. त्याचाच बाप."

माईक तोवर काढला होता, म्हणून पुढच्या रांगांनाच ऐकू गेलं. पण मी पुढच्या रांगेत होते.

घरी आल्यावर शर्ट काढून झोपले. मी विचारलं, असं का म्हणालात? म्हणाले, "खोटं होतं का?"

मास्तरांचंही सांगून टाकते. परीक्षा वगैरे काही नव्हत्या. तू गेलास त्यानंतर महिन्याभरात त्यांच्या घरून नकार आला. त्या दिवशी चौकात ते आईसोबत उभे होते. ट्रकच्या मागे जाऊन आले, माझ्यासमोर थांबले, म्हणाले, "मोठं धाडस केलं तुझ्या वडिलांनी." मी म्हटलं, "हो, तुमच्यापेक्षा." आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तू स्वतःला दोष देत बसू नकोस. थोडा दे. मग पुरे कर.

ताई


२० एप्रिल

टिल्या,

उशीर झाला लिहायला. इथे दिवस बरे नाहीत. शटरवर पुन्हा लिहिलं गेलं, या वेळी बाबांनी पुसलंही नाही. दुकानाकडे कुणी फिरकत नाही, एक बसवाला येतो तेवढा, तोही मागच्या दाराने. साहेब आजारी आहेत. बाबा बघायला गेले होते, त्यांच्या घरच्यांनी आत घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात संघटनेने ट्रक दुसऱ्या गॅरेजमध्ये नेला आणि चार दिवसांनी परत आणून ठेवला. आम्ही बघायला गेलो. फाळका गुळगुळीत. डाव्या दिव्यावर झापड. मला रडू फुटलं. बाबांनी वाकून नखाने ठोकून पाहिलं. पुट्टी भरलीय, मागे जाळीसुद्धा लावली नाही. "पहिल्या पावसात फुगेल," म्हणाले, आणि तिथल्या तिथे हात झटकले. मला वाटलं होतं खचतील. पण माणूस एकदा बोलून मोकळा झाला होता.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे त्याचा पत्ता आहे?"

मी हो म्हटलं.

"किती लांब आहे?"

मी सांगितलं. सीमेपर्यंत रेल्वे, तिथे गाडी बदलायची, मग उरलेला दिवस. तू इकडे येऊ शकत नाहीस, पाऊल टाकताच धरतील, हे त्यांना माहीत आहे. ते ताट उचलून उठले. दुसऱ्या दिवशी मात्र पासपोर्टच्या रांगेत उभे होते. अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी जाताय? म्हणाले, मुलाकडे.

टिल्या, आम्ही दोघं बारा मेच्या गाडीने निघतोय. तेराला संध्याकाळी पोहोचू.

आता नीट ऐक. त्यांनी तुला माफ केलेलं नाही. विचारलं तर तसंच सांगतील. मी गाडीत त्यांना तुझं ते पत्र वाचून दाखवणार आहे, भीती वाटली ते, म्हणजे तुला तोंडाने सांगावं लागणार नाही. स्टेशनवर पाया पडायला धावू नकोस, त्यांना चारचौघांत अवघडतं. नुसती बॅग घे हातातून. पहिल्या दिवशी बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ओरडतील. ओरडू दे, मध्ये बोलू नकोस, मी आहे. तुझ्या घराचे नळ, कड्या, बिजागऱ्या जे काही मोडकं असेल ते तसंच ठेव, त्यांना हाताला काम लागतं. पलंग एकच असेल तर त्यांना दे, आपण दोघं खाली झोपू.

भीती वाटेल तुला. मलाही वाटतेय, आणि त्यांनाही. रोज बॅग भरतात आणि रोज रिकामी करतात. वाटू दे. फक्त आम्ही येईपर्यंत कुठे जाऊ नकोस.

ताई